नाहीची ओळ

हमीदचाचांना बोट लागायची. बावीस वर्षं आखातातल्या बंदरांत जहाजांची यंत्रं दुरुस्त केलेला हा माणूस, पण रेवदंड्याच्या जेटीला बांधलेल्या होडीत पाय ठेवला की पाच मिनिटांत त्यांचा चेहरा उतरायचा आणि ते कठडा धरून उभे राहायचे. होडीवरची पोरं हसायची. चाचा तोंड पुसत म्हणायचे, "हसा, हसा. मी दर्याचा नोकर हाय, दर्याचा माणूस न्हाय." आणि पुन्हा वाकून तारा जोडायला लागायचे.

त्यांचं दुकान जेटीच्या वाटेवर, बर्फाच्या कारखान्यासमोर. माझा नवरा त्या कारखान्यात लागला म्हणून आम्ही परभणीकडून इथं आलो. मी सातवीतून शाळा सोडलेली. इथलं बोलणं वेगळं, सुकत घातलेल्या मासळीचा वास वेगळा, आणि मला तर मुळातच सगळ्याची धास्ती. दाराला कडी घातली का ते बघायला मी अर्ध्या वाटेतून परत जाते, अजूनही जाते. तर अशी मी एके दिवशी बंद पडलेला मिक्सर घेऊन त्या दुकानात शिरले.

"हे होड्यांच्या यंत्रांचं दुकान हाय, बाय," चाचा म्हणाले. पण मिक्सर हातात घेतला, उलटा केला, आणि तळाची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "माझा चष्मा घरी राहिला. वाच बघू काय लिहिलंय."

सगळं इंग्रजी. मी एकेक अक्षर लावत वाचायला लागले. कंपनीचं नाव, विजेचे आकडे, पाण्याजवळ ठेवू नये ही सूचना, आणि शेवटी अगदी बारीक अक्षरांतला पत्तासुद्धा. पाच मिनिटं तरी गेली असतील. वर बघते तर चाचांचा चष्मा त्यांच्याच कपाळावर.

"सगळं वाचलंस," ते म्हणाले.

"चुकलं का काही?"

"चुकलं तर बरंच. पण वगळलं काय न्हाय. उद्यापासून कामाला येशील?"

वगळणारी माणसं त्यांनी पाहिली होती. माझ्या आधी अलिबागचा एक डिप्लोमावाला पोरगा तिथं होता, हुशार. त्याची गोष्ट चाचा आल्यागेल्याला सांगायचे. पण ती कळायला दुकानात काय बनायचं ते सांगायला हवं.

चाचा होड्यांसाठी पेटी बनवायचे. आत पंजाएवढा संगणकाचा बोर्ड, वर छोटा पडदा. पडद्यावर किनाऱ्याचा नकाशा, पाण्याखालचे खडक, आणि होडी जिथं असेल तिथं एक हिरवा ठिपका. ठिपका उपग्रहाच्या रिसीव्हरवरून यायचा. या बोर्डावर जी प्रणाली चालते तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, आणि चाचा तो तयार घेत नसत, स्वतः बांधत. बांधायच्या आधी एक फाईल तयार करावी लागते. संगणक विचारत जातो, हा भाग हवा का, तो भाग हवा का. हजारांनी प्रश्न. उत्तरं तीनच. हो, नाही, किंवा लागेल तेव्हा. म्हणजे बाजूला ठेव, गरज पडली की आत घे. या उत्तरांची फाईल झाली की तिच्यावरून कर्नल बांधला जातो, आणि छोट्या मेमरी कार्डावर भरून ते पेटीत बसवतात. जे विचारलं आणि नाही म्हटलं, ते पेटीला कधीच कळत नाही.

तर त्या हुशार पोराला चाचांनी ही फाईल करायला बसवलं आणि स्वतः जुम्म्याच्या नमाजाला गेले. परत आले तर फाईल तयार. पोरानं एंटरच्या बटणावर अंगठा ठेवून तो उचललाच नव्हता. बटण दाबलं की संगणक आपल्या मनचं उत्तर धरतो आणि पुढं जातो. ती पेटी चालू व्हायला इतका वेळ लागायचा की चाचा म्हणायचे, "तेवढ्यात माणूस पोहत घरी येईल." पोराला ते ओरडले नाहीत. अलिबागच्या एका ऑफिसात त्याला चांगली नोकरी लावून दिली. "तिथं एंटर दाबणाराच लागतो," म्हणाले.

मी मात्र सगळं वाचायची. मला येतच नव्हतं दुसरं काही. प्रत्येक प्रश्नाखाली चार ओळींची माहिती असते, इंग्रजीत, आणि बऱ्याचदा शेवटी एकच वाक्य येतं: इफ अनशुअर, से एन. दहाव्यांदा ते वाचल्यावर मी अर्थ विचारला.

"खात्री नसेल तर नाही म्हणा," चाचा म्हणाले.

"हे तर माझ्या आईनं लिहिल्यासारखं आहे."

चाचा इतके हसले की सुलेमानी चहा बशीत सांडला. मग चष्मा खाली घेत म्हणाले, "लिहिणारा कुठं दूर बसलाय, मंगलबाय. त्याला यशवंताची होडी ठाऊक न्हाय, धर्माची ठाऊक न्हाय. तुला ठाऊक हाय. मग तू अनशुअर कशी?"

मला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. घरी, शाळेत, सासरी, मला काहीच ठाऊक नसतं हेच सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांची एक वही होती, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. डाव्या पानावर हो, उजव्या पानावर नाही, आणि पुढं कारण. कारण म्हणजे बहुतेक वेळा कुणाचं तरी नाव. "खेळायची दांडी: नाही. होडीत खेळायला कोण जातं." "आवाज: हो. यशवंताला जवळचं दिसत नाही, खडक आला की पेटीनं ओरडावं." "जुना पडदा: हो, जोवर काशीबाईचा मुलगा नवा घेत नाही." सगळ्या बंदराला फाईल एकच. मी एकदा म्हटलं, चाचा, प्रत्येक होडीची वेगळी फाईल केली तर पेट्या हलक्या होतील. त्यांनी मान हलवली. "वेगळ्या केल्या की नव्या होड्यांच्या फायली पुढं जातात, जुन्या होडीची मागं राहते. एकातच सगळ्यांना धर."

आणखी एक गोष्ट ते मला दाखवायचे, जणू दागिना दाखवावा तशी. फाईल उघडली की ज्यांना हो म्हटलं त्यांच्या ओळी दिसतातच, पण ज्यांना नाही म्हटलं त्यांचीसुद्धा ओळ असते. अमुक एक ठेवलेलं नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. चाचा त्या ओळीवर बोट ठेवायचे. "बघ. नाही म्हटलं तरी नाव लिहिलं. माणसांत एवढी तहजीब न्हाय."

अजानची वेळ झाली की ते प्रश्न अर्धा सोडून उठायचे. पडद्यावर प्रश्न तसाच, शेजारी चौकोन लुकलुकत. "थांबेल तो," म्हणायचे. रमजानात मला दुपारीच घरी पाठवायचे, डब्यात त्यांच्या बहिणीनं केलेली सांदणं देऊन. मी उपाशी माणसासमोर खाऊ नये म्हणून नाही, तर मी त्यांच्यासमोर खायला लाजते म्हणून.

आणि सकाळचे सलाम. पहाटेच्या होड्या परतायच्या वेळेला चाचा जेटीवर एक फेरी मारायचे. यशवंताला, काशीबाईच्या मुलाला, धर्मा तांडेलाला, प्रत्येकाला नाव घेऊन सलाम. हिंदू माणसं उलट "सलाम चाचा" म्हणायची, कुणी नुसतीच मान हलवायची. या फेरीतच ते पेट्यांची चौकशी करायचे. उजवा हात त्यांनी खिशात कधी घातला नाही, सलामासाठी मोकळा ठेवायचे.

आता जे झालं ते.

कर्नलची नवी आवृत्ती आली होती आणि चाचांना भाचीच्या लग्नाला श्रीवर्धनला जायचं होतं. चार दिवस. जाताना म्हणाले, "फाईल तू कर. कार्डं भर, होड्यांवर बसव." मी म्हटलं, मी एकटी? ते म्हणाले, "मी असतो तेव्हा तरी कोण करतं?"

ते खरं होतं, पण बंदरात कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांच्या लेखी मी कार्डं नेऊन देणारी बाई.

मी तीन दिवस एकेक प्रश्न वाचला. एका जागी एक प्रश्न आला, रिसीव्हरची तार यूएसबीतून जोडायला जे छोटे जोड लागतात, त्या सगळ्या जोडांचा मिळून एक. मी विचार केला. आपले रिसीव्हर आता थेट बोर्डाला जोडतो, जोड लागतच नाही. खाली वाक्य होतंच, खात्री नसेल तर नाही म्हणा. पण मला खात्री होती. आयुष्यात पहिल्यांदा होती. मी नाही म्हटलं. वही समोरच्या खणात होती. मी खण उघडला नाही.

दुकानातल्या पेटीवर सगळं नीट चाललं. दुकानातला रिसीव्हर नवा होता.

धर्मा तांडेलाच्या होडीवर मीच कार्ड बसवलं. पेटी सुरू झाली, नकाशा आला. धर्मादादा वाकून बघत म्हणाला, "ठिपका कुठं हाय गो?"

मी म्हटलं, "येईल. थोडा वेळ लागतो."

त्याला त्या दिवशी ठिपक्याची गरजही नव्हती, आभाळ मोकळं होतं. दुसऱ्या पहाटे परत येताना खाडीच्या तोंडाशी धुकं पडलं. थंडीत पडतं तसं, हाताचा पंजा दिसू नये असं. पडद्यावर खडक होते, ठिपका नव्हता. जागा दाखवणारं जुनं यंत्र त्यानं पेटी बसवली तेव्हाच काढून टाकलं होतं, चाचांच्या शब्दावर. होडी खडकावर गेली. मागून येणाऱ्या यशवंतानं चौघांना ओढून घेतलं. माणसं सगळी वाचली. पण दोन होड्यांच्या मध्ये धर्मादादाचा पाय सापडला, आणि होडीचा तळ असा फुटला की ती पुन्हा पाण्यात गेली नाही. धर्मादादाही गेला नाही.

चाचा त्याच दुपारी परत आले. संगणकासमोर बसून फाईल उघडली आणि धर्माच्या रिसीव्हरचा जो जोड होता त्याचं नाव शोधायला लागले. मी मागं उभी. मला वाटलं, आता ती ओळ दिसेल, ठेवलेलं नाही असं लिहिलेली, माझ्या हातची.

ओळ नव्हती.

त्यांनी पुन्हा शोधलं. मग खुर्ची मागं सरकवली आणि हळू म्हणाले, "इथं तर नाही पण न्हाय."

मग त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. वरच्या प्रश्नाला नाही म्हटलं की त्याच्या खालचे प्रश्न येतच नाहीत. संगणक विचारत नाही, सांगतही नाही. त्यांची ओळसुद्धा उरत नाही. "हे मी तुला कधी सांगितलं न्हाय," ते म्हणाले. "म्हणजे चूक माझी."

मी खण उघडून वही काढली. डाव्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं: "जुने जोड: हो. धर्मासाठी, जोवर धर्मा आहे तोवर." मी ते पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वही मिटून माझ्याच हातात दिली.

संध्याकाळी ते धर्मादादाच्या घरी गेले. मी बाहेर रस्त्यावर उभी होते, आतलं सगळं ऐकू येत होतं. चाचा म्हणाले, "धर्मा, फाईल मी केली. माझ्या हातनं राहिलं." धर्मादादाची बायको तेवढी म्हणाली, "चाचा, तुमी जावा आता."

येताना मी म्हटलं, "तुम्ही असं का सांगितलंत?"

"तुझं नाव सांगितलं तर उद्या बंदरात तुझ्या हातचं कार्ड कोण घेईल?"

"आणि तुमच्या?"

"मी म्हातारा हाय. म्हाताऱ्यावर लोक फार दिवस रागवत न्हायत."

तेवढं एक मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

दोन वर्षं. धर्मादादा काठी घेऊन जेटीवर येऊन बसायचा, दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करत. चाचांची फेरी चुकली नाही. त्याच्यासमोर थांबायचे, हात वर करायचे. "धर्मा, सलाम." धर्मादादा जाळ्यात सुई घालायचा, ओढायचा, पुन्हा घालायचा. शिवी नाही, तोंड फिरवणं नाही. समोर कुणी उभंच नाही, असा. चाचा हात थोडा वेळ तसाच ठेवायचे, मग पुढं जायचे. हळूहळू निम्म्या होड्यांनी पेट्या काढल्या. कुणी भांडलं नाही, नुसतं काढल्या. चाचांची फेरी लहान लहान होत गेली, पण धर्मादादाशी ते थांबायचेच.

आणि मी रोज कारखान्याच्या दाराशी उभी राहून बघायची. रोज ठरवायची, आज सांगते. मग वाटायचं, नवऱ्याची नोकरी, पोराची शाळा, इथं आपलं कोण आहे. नाही म्हणायलाही हिंमत लागते. मी तेवढंही म्हटलं नाही.

नंतरचं आधी सांगून टाकते, कारण जे शेवटी सांगायचंय ते सांगितल्यावर हे लिहिता येणार नाही.

चाचा गेले. मय्यत जेटीच्या वाटेनंच नेली, आणि धर्मादादा आपल्या जाळ्यासमोर बसलेला होता. उठला नाही. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्याच्यापुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. जोडांचा प्रश्न, न उघडलेला खण, येईल म्हटलेला ठिपका. त्याचं ते पान उघडून वाचून दाखवलं.

त्यानं सुई खाली ठेवली.

"तू केलीस?"

"हो."

"मंग तो कशाला बोलला, मी केली?"

मी वही त्याच्यापुढे सरकवली.

"परत वाच," म्हणाला.

मी वाचलं. धर्मासाठी, जोवर धर्मा आहे तोवर.

"दोन वर्सं," धर्मादादा म्हणाला. "रोज यायचा. मी एक शिवी तरी घालायला पायजे व्हती. शिवी घातली असती तर तो बसला असता हितं. भांडलो असतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "परवा सांगितलं असतंस, बाय. परवा तो जिता व्हता."

हे खरं आहे. परवा ते जिवंत होते, आणि मी त्यांच्यापाशी होते.

फुप्फुसांनी दगा दिला होता. अलिबागच्या इस्पितळात खिडकीजवळची खाट, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. मी गेले तर डोळ्यांनीच माझ्या पिशवीकडे खूण केली. पिशवीत लॅपटॉप होता. कर्नलची आणखी एक आवृत्ती आली होती. जुनी फाईल दिली की संगणक फक्त नवे प्रश्न विचारतो. पाच होड्या अजून पेटी ठेवून होत्या. चाचांना बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी हातानं ठरवून दिलं. एक बोट वर म्हणजे हो. मूठ म्हणजे नाही. पंजा उघडा म्हणजे लागेल तेव्हा.

मी वाचायला लागले, नेहमीसारखं, एकही शब्द न वगळता. शेजारच्या खाटेवरची म्हातारी ऐकत होती, तिला ती पोथी वाटली असावी. मूठ. मूठ. बोट. मूठ. एका प्रश्नाला त्यांनी भुवया उंचावल्या, म्हणजे तूच सांग. मी म्हटलं, हो, यशवंतासाठी. त्यांचे डोळे मुखवट्यावरून हसले.

मग मी पडद्यावरून मान वर न करता, प्रश्न वाचावा तसंच, विचारलं. "चाचा, धर्मादादाला खरं सांगू का? फाईल मी केली होती म्हणून?"

हात हलला नाही. मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत होते. इतका वेळ त्यांनी कुठल्याच प्रश्नाला घेतला नव्हता. मला बोटाची भीती वाटत होती, हे त्यांना दिसत असणार. माझं सगळंच त्यांना दिसायचं. मग मूठ सैल झाली, एकेक बोट सुटत गेलं, आणि पंजा चादरीवर उघडा पडला.

लागेल तेव्हा.

मला हायसं वाटलं. हे लिहायलाच हवं. आज नको, एवढंच मी त्यातून उचललं. ते लागत होतं ते तेव्हाच, त्या दुपारी. रिक्षानं धर्मादादाला घेऊन यायला दोन तासही लागले नसते. एका सलामाचं उत्तर घ्यायला समोर माणूस होता.

परिचारिका आली, वेळ संपली म्हणाली. मी लॅपटॉप मिटला. "उरलेले उद्या वाचते, चाचा."

दाराशी जाऊन मी वळून बघितलं, कडी बघायला वळते तसं. डोळे मिटलेले होते. हात चादरीवर तसाच होता, उजवा, उघडा.